मुर्सिलीचा बैल

रथात होता म्हणे, तिल-कुन्नूच्या वाटेवर.
आभाळ कडाडलं, राजा भ्याला,
आणि शब्द तोंडातल्या तोंडातच लहान झाला.
पुढं काही वर्षांनी, झोपेत,
कुणाचासा हात ओठांवरून फिरला
आणि तोंड एका बाजूला गेलं.

भाऊ हे शिकवायचे
तेव्हा मागची बाकंसुद्धा गप्प व्हायची.
एकतीस वर्षं, दर डिसेंबरात, हित्तींचा राजा मुर्सिली:
बापाच्या चुकीनं आलेली साथ,
वीस वर्षं मरत राहिलेला मुलूख,
आणि देवांशी हुज्जत घालणारा मुलगा,
की सगळेच मेले तर
तुमच्यापुढं भाकरी कोण ठेवील?

आता सयाजी इस्पितळात
निमिषाबेन चित्रं दाखवते.
छत्री. भाऊ म्हणतात, "ते... ते."
कंगवा. ते खिसा चाचपतात.
बैल.
भाऊ हसले. वाकड्या बाजूला जमेल तेवढं.
निमिषाबेन घाबरली, पुन्हा झटका आला की काय.
मी नाही घाबरले.

राजानं बैलच निवडला होता.
त्याच्यावर हात ठेवला, आणि त्या दिवसाचे कपडे,
रथ, घोडे, धनुष्य, भाता
सगळं त्याच्यासोबत कुम्मानीला धाडलं, जाळायला.
वाट लांबची, हा मध्येच मेला तर
म्हणून बदलीला बदली, आणखी एक बैल.
इथं वर्ग हसायचा. भाऊ थांबायचे,
हसू ओसरू द्यायचे.
राजाची वाचा परत आली का, कुणी विचारलं तर म्हणायचे,
पाटी ते सांगत नाही. आपणही सांगू नये.

आईनं यातलं काही वाचलेलं नाही.
तरी त्या सकाळचा चॉकलेटी बुशशर्ट
तिनं बोहारणीला देऊन टाकला.
बदल्यात भांडं घेतलं नाही.
बोहारीण दोनदा वळून बघत गेली.

काल संध्याकाळी दांडिया बाजारात
रस्त्याच्या मधोमध बैल बसलेला,
स्कूटर त्याला वळसा घालून जात होत्या.
भाऊंनी काठी माझ्या हातात दिली.
त्याच्या वशिंडावर तळवा ठेवला, बराच वेळ.
मला वाटलं, आता काहीतरी होणार.
कसलं काय. बैल रवंथ करत राहिला.

मग चार महिन्यांनी पहिलं अख्खं वाक्य आलं.
घरात ऱ्हस्व-दीर्घावरून आम्हाला रडवणारे भाऊ,
आणि वाक्य आलं ते गुजरातीत,
रिक्षावाल्याच्या सुरात:
"खस ने, भई."

बैल हलला नाही.
मीच बाजूला झाले.