आक्षेप सात

वेंगुर्ल्याच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीतच
नेट धरतं, म्हणून मी इथे.
खाली कंप्रेसर धडधडतो, टेबलावरचा चहा थरथरत राहतो,
आणि पडद्यावर एक दार.

विमानातलं. वैमानिक आणि बाकी सगळे यांच्या मधलं.
अर्जदार परदेशी, आकृत्या अकरा, दावे अठरा.
पहिला दावा, नियमाप्रमाणे, एकाच वाक्यात:
असा दरवाजा, ज्यास चौकट १०२, ज्या चौकटीस बोल्ट २१४,
जो बोल्ट वीज गेली असता आपोआप मागे सरतो,
आणि ज्याचे वैशिष्ट्य असे की, बाहेरून संकेतांक दाबल्यावर
आत तीस सेकंद घंटा वाजते,
व आतील व्यक्तीने नकाराची कळ न दाबल्यास
दार उघडते.
एवढ्या शब्दांना एकच पूर्णविराम.

हे आधी कुणी केलंय का, ते शोधणं माझ्याकडे.
एक जर्मन सापडलं, दोन जपानी.
तिजोऱ्या, तुरुंग, बँकांची भुयारं,
सगळी दारं बाहेरच्याला घाबरून केलेली.

दुपारी इनासबाब पावाची पुडी घेऊन वर आले.
आकृती तीनकडे बराच वेळ बघत राहिले.
"भायर कोणाक ठेवूचा ता समाजला.
भितरलो आडवो पडलो तर?"

मग मला खाली घेऊन गेले.
शीतखोलीचं दार वीतभर जाड, आत थर्माकोल, वर पत्रा,
बाहेर कडी, कडीला कुलूप.
पास्कू चौदा वर्षांचा होता, सुरमईचे क्रेट मोजायला आत गेलेला.
कुणीतरी सवयीने कडी घातली.
चाळीस मिनिटं.
वाचला. पण डाव्या हाताच्या दोन बोटांना
चहाचा पेला गरम आहे की गार, अजून कळत नाही.
त्या रविवारी मिसा बुडवून इनासबाबनी दाराला भोक पाडलं,
ट्रॉलरच्या जुन्या शाफ्टचा तुकडा आरपार घातला,
आतल्या टोकाला लाकडी गोळा, त्यावर रेडियम.
आतून ढकललं की बाहेरची कडी
कुलपासकट खाली.

मी आत जाऊन उभी राहिले. म्हटलं, लावा.
डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते हात लावून बघावं लागलं.
मग हिरवट, जांभाएवढा, तो गोळा.
लगेच ढकलला नाही. तीसपर्यंत मोजायचं ठरवलं होतं.
बाविसाला दात वाजू लागले,
चोविसाला मी ढकलला.

याचा कागद नाही. तारीख नाही, आकृती नाही.
माझ्या अहवालात कागदच बसतो.
"मगे माका पेटंट गावात काय, बाय?"
"नाही. तुम्ही सगळ्या बंदराला दाखवून बसलात."
"दाखवचाच लागता," ते म्हणाले.
"भितर जावच्या आदी म्हायत व्हया."

संध्याकाळी आक्षेप सात लिहिला:
उत्तर न आल्यास आतील व्यक्ती असमर्थ आहे,
आणि नकार आल्यास ती शुद्धीवर व शहाणी आहे,
असे अर्जदार गृहीत धरतात.
दार हे कशावरून ओळखते, त्याचा खुलासा कुठेही नाही.
स्पष्ट करावे.
मुदत सहा महिने.

वकील चार पानं पाठवेल. बोल्ट २१४ बद्दलच असतील.

खिडकीतून, चिपीच्या सड्याकडे उतरणारं विमान दिसलं,
पंखावरचा तांबडा दिवा लुकलुकत.
दाराच्या अलीकडे दोघं,
पलीकडे पट्टे आवळून बसलेले, कुणाच्या तरी लग्नाला,
कुणाच्या तरी बाराव्याला आलेले.

खाली शीतखोली बंद होते आहे.
इनासबाब कडी हातात धरून आत हाक मारतात, रोज मारतात,
"कोण आसा रे भितर?"
आणि आज पुढे, "बाय?"
"मी वर आहे," मी खिडकीतून ओरडते.

तरी ते थोडे थांबतात.
किती वेळ, ते त्यांनी कधी मोजलेलं नाही.