साठवण

कामाटीबागेच्या फाटकाशी पहाटे पावणेसहाला
जिग्नेशभाई पिंपांची झाकणं उचलतो:
दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर.
"एकवीस दिवस, बेन. बधो कचरो बहार!"
मी वीस रुपये देते
आणि ते हिरवं, कोमट, फेसाळ
नाक दाबून घशाखाली ढकलते.

आज बारावा दिवस.
काटा ब्याऐंशीवर.
सुरू केलं तेव्हा एक्याऐंशी होता.

डॉक्टर बेलाबेन म्हणतात, वय आहे,
थायरॉइड काठावर आहे, भात सोडा.
जाऊ म्हणते, फाफडा सोडा.
मी दोन्ही सोडले. दिवाळीत अनारसाही चाखला नाही.
खातेस काय, हे सगळ्यांनी विचारलं.
सव्वीस वर्षं श्वास कुठे घेतलास,
हे कुणी नाही.

रंगाच्या कारखान्याची प्रयोगशाळा.
मागच्या भिंतीपलीकडे नाला,
सोमवारी जांभळा, गुरुवारी विटकरी.
दोरीला बांधलेली बाटली सोडायची, ओढायची,
चिठ्ठी चिकटवायची.
मग काचेच्या नरसाळ्यात नाल्याचं पाणी,
वर हेक्झेनचा थर,
आणि दोन्ही हातांनी घुसळण,
आई ताक करायची तशी.
थांबलं की थर वेगळे.
पाणी खाली, निरागस.
त्याला जे नको होतं ते मुकाट्यानं
वर चढून तेलकट थरात बसलेलं.
"विषाला पाणी मानवत नाही, बाई,
त्याला स्निग्ध माणसं आवडतात,"
घोरपडेसाहेब म्हणायचे.
मीही हसायचे. तेव्हा पन्नास किलोंची होते.

असेल. नसेलही.
मी आकड्यांची बाई, शपथेवर सांगणार नाही.
पण रात्री कुशीवर वळताना
पोटाची वळी हाताला लागते तेव्हा वाटतं,
ही नुसती आळसाची नसावी.
काळजाला लागू नये म्हणून
शरीरानं काहीतरी बाजूला नेऊन ठेवलंय,
घरात लहान मूल आलं की
रॉकेलचा डबा माळ्यावर टाकावा तसं.
आणि मी रोज पहाटे शिडी लावून
तोच डबा खाली काढायला निघते.

काढला, समजा. वितळली चरबी.
मग "बहार" म्हणजे नक्की कुठे, जिग्नेशभाई?
रक्तात? मोरीत?
मोरीतून विश्वामित्रीत, जिथे पुलाखाली
मगर चिखलाच्या रंगाची होऊन पडलेली असते
आणि तिला कुणी एकवीस दिवसांचं सांगत नाही?
या शहराचं बाहेर मी पाहिलंय.
तिथे दुधीचे मांडव आहेत,
नाल्यावर पंप लावलेले.

घोरपड्यांनी मला एकदाच टोकलं होतं.
"फणसेबाई, दशांशचिन्हापुढचं कशाला लिहिता?"
मी खोडलं. वर लिहिलं: मर्यादेत.
अक्षर माझं चांगलं होतं.
अजूनही आहे.

आज पर्समध्ये तपकिरी काचेची जुनी बाटली आणलीय.
निम्मा रस प्यायले, निम्मा तिच्यात ओतला.
तरन्नुम अजून तिथेच कामाला आहे,
म्हणाली, आणा बाई, संध्याकाळी चालवून बघते.
बाकावर बसून चिठ्ठी भरते.
तारीख. वेळ. रंग: हिरवा. वास: कडसर.
नमुना घेणार: कुमुदिनी फणसे.
स्रोत:
पेन तिथेच थांबतं.
दुधी? नाला? मी?

"बेन," जिग्नेशभाई ओरडतो,
"गिलास तो पाछो आपो."