अजून नाही

अंबडला सकाळच्या पाळीचा भोंगा होतो
तोवर माझ्या दाराशी नऊ जोड चिमुकल्या चपला,
डावी उजव्या पायातून निघालेली, उजवी डाव्यातून.
मी मुलांना टोकत नाही.
पायांनाच कळू दे, कुठे टोचतंय ते.

महिन्याच्या शेवटी तक्ता भरायचा असतो.
तीन रकाने : स्वतः करते. मदतीने करते. अजून नाही.
प्रशिक्षणाच्या बाई म्हणाल्या होत्या,
चिमटीत वस्तू धरता येते का बघा,
पेन्सिलीची सुरुवात तिथून होते.
त्यांनी रंगीत मणी दिले. मी बेदाणे ठेवते,
पिंपळगावची बहीण पाठवते ते, पोत्याच्या तळातले,
देठासकट.
मणी गिळला तर रिक्षा शोधावी लागते,
बेदाणा गिळला तर दुसरा मागतात.

दुर्वांक खैरनार मूठच भरतो.
निम्मे सांडतात, उरलेले तळव्याला चिकटतात,
मग तो तळवा चाटतो.
हे कुठल्या रकान्यात?
अर्हान मात्र सोनाराच्या हाताचा :
एकच उचलतो, खिडकीकडे धरून बघतो,
देठ हलकेच काढतो
आणि देठ खातो.

एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतणे.
यासाठी सिडकोतल्या या दोन खोल्यांची फरशी
दिवसातून चारदा पुसली जाते.
तेजूला अजून वाटतं, पेला भरला
की पाणी आपोआप थांबेल.
मलाही चाळिशीपर्यंत वाटायचं तसं,
पाण्याबद्दल नाही.

गार्गी पगारे. दोन वर्षं पाच महिने.
शब्द : एकही नाही.
आई स्विचच्या कारखान्यात स्प्रिंगा बसवते,
दिवसभर, चिमटीनेच.
संध्याकाळी हेल्मेट काढायच्या आधी विचारते,
"आज काही बोलली?"
मी म्हणते, अजून नाही.
कान तपासायला सिव्हिलची मंगळवारची तारीख मिळालीय.
तोवर हा "अजून" आम्ही दोघी
गरम भांडं धरावं तसा, पदराने, धरून असतो.
माझ्या प्रगतिपुस्तकात तो नव्हता.
तिथे नुसतं नाही असायचं, लाल शाईत.

गुरुवारी नवा मुलगा आला, बोरस्त्यांचा.
जाळीचं दार दोन्ही हातांनी धरून
दीड तास रडला. खुळखुळा नको, पेज नको, मी तर नकोच.
बाहेर नाशिकची पौषातली थंडी,
जाळी बर्फासारखी, बोटं लाल झालेली.

गार्गी उठली.
दहा जोडांतून त्याच्या दोन चपला
बरोबर शोधल्या, निळ्या, बंद तुटलेल्या.
त्याच्या पुढ्यात मांडल्या :
डावी डावीकडे,
उजवी उजवीकडे.

तो थांबला. हिचकी देत बघत राहिला.
घरी जायचंय, एवढं त्याला कळलं असावं.
त्याने त्या उलट्या पायांत घातल्या आणि खाली बसला.
गार्गीही बसली. बेदाण्याची वाटी मध्ये.

रात्री तक्ता काढला.
चपला लावते, हे होतं. त्यावर खूण केली.
कुणाच्या ते ओळखते, हे नव्हतं.
कधी लावायच्या ते कळतं, हेही नव्हतं.
म्हणून समासात लिहायला घेतलं.
समास बोटभर, माझं अक्षर मोठं,
शेवटचे तीन शब्द
खाली दुर्वांकच्या ओळीत उतरले.

खोडले नाहीत.