मापासाठी

कुणीतरी उभं राहायला हवं होतं,
नाहीतर धबधबा केवढा
हे मँचेस्टरला कळणार कसं?
म्हणून जोनस स्केल्टननी मला हाक मारली.
मी मेंढरांमागे, पाय चिखलात.
सहा पेन्स देतो, म्हणाले, त्या खडकावर चढ
आणि मी सांगेपर्यंत दगड हो.

त्यांचा तंबू काळा. आत ईथरचा वास,
बोटं शाईत बुडवल्यासारखी.
काच ओली आहे तोवर उरकायचं,
म्हणून स्वतः धावपळ करत होते
आणि मला मात्र: हलू नकोस, टॅमर.
मोठ्यांदा बारा आकडे मोजले.
सातव्याला वरच्या कपारीत कोकरू ओरडलं.
मी मान वळवली.

महिन्याने अँबलसाइडच्या दुकानात चित्र टांगलेलं.
पाणी नव्हतंच त्यात.
पिंजलेली लोकर कुणी कड्यावरून सोडून द्यावी
तसं काहीतरी, आणि त्याला आवाज नाही.
खडक होते. माझा झगा होता, चुणीन् चुणी,
हातातली काठीसुद्धा.
तोंडाच्या जागी धूर.
आई म्हणाली, बरं झालं.
खाली छापलेलं: रेव्हनबेकचा धबधबा, एका ग्रामकन्येसह.

मग माणसं आली.
विंडरमिअरला आगगाडीतून उतरून, पुढे घोडागाडीने,
छत्र्या, दुर्बिणी, कागदात बांधलेलं थंड मटण.
चित्र डोळ्यांसमोर धरायची, खाली घ्यायची,
पुन्हा धरायची.
चित्रात मोठा आहे, एक बाई म्हणाल्या,
दुकानदाराने माप मारल्यासारख्या.

हॉटेलवाल्या मिसेस पोस्टलथ्वेट शहाण्या.
त्यांनी वर बांध घातला.
गाडीचा बिगूल वाजला की माझा भाऊ आयझॅक फळी उचलायचा:
पाव तास गर्जना,
बायका शाली सावरत किंचाळायच्या,
मग पुन्हा करंगळीएवढी धार.
वाटेवर फिरतं फाटक बसलं, माणशी दोन पेन्स.
मेंढरांना माफ.
मला नाही.

एका साहेबांनी मलाच विचारलं,
चित्रातली ती मुलगी कुठे राहते?
म्हटलं, मेली.
त्यांनी टोपी काढली, आणि जरा थांबून
शिलिंग दिला.

जोनस गेले त्या हिवाळ्यात त्यांच्या काचा
वजनावर विकल्या. मोठ्या बंगल्याच्या माळ्याने घेतल्या,
काकड्यांच्या काचघराला.
सोड्याने धुतल्या, खरवडल्या, आणि कंटाळला.
चर्चचा मनोरा राहिला, एक पूल,
एक लग्नाची वरात, अर्धी.
आणि मी.

आता मी तिथेच तोडणीला जाते.
काचेत सगळं उलटं: धबधबा डांबरासारखा,
काळा झगा पांढरा,
आणि केस, सतराव्या वर्षीच, पांढरेफक्क.
एवढी वर्षं लागली मला
तिथवर पोचायला.

दुपारी ऊन कललं की
पानांवर सावलीचा एक पट्टा पडतो
आणि त्याच्या कडेला अंगठ्याएवढा उजेड.
तो उजेड मी.
दार उघडं राहिलं तर वारा शिरतो, पान हलतं,
तीही हलते.
कुणी आकडे मोजत नाही.