सातभाई

मोलेच्या पुढं, डांबर संपतं तिथं
गुणाजी गावसाचा कॅफे : पाच टेबलं, एक दुर्बीण,
दगडी डोणीत पाणी
आणि खडूनं लिहिलेली पाटी – हळू बोला.

दुर्बीण हातोहात फिरते.
ओफेलिया म्हणते, धनेश!
तोवर फांदी नुसती हलत राहते.
मला दिसतो सोलकढीचा पेला,
त्याच्या काठावर मुंगी.

मग सातभाई उतरतात पाचोळा विसकटत,
पाटी न वाचलेले,
डोणीच्या कडेला एकमेकांवर खेकसत.
मी मोजते. सहा.
पुन्हा मोजते.

'दिवाळीपासून सहाच,' गुणाजी म्हणतो
पोयी टोपलीत ठेवता ठेवता,
'मुंगसानं नेला एक.
वहीत मात्र सातभाईच लिहितो मी,
दुसरं काय लिहिणार?'

फोनवर आम्ही टेबल चौघांचं सांगितलं होतं,
जुन्या सवयीनं.
चौथ्या खुर्चीवर पिशवी, टोप्या.
खुर्ची त्यानं हलवली नाही,
पाण्याचे ग्लासही चारच आणले.

परतताना फोंडा येईस्तोवर
आम्ही तिघी
कुजबुजतच भांडत होतो,
पेट्रोल कुणी भरायचं यावर.