दहा लाख तीन

वागळे इस्टेटमधलं झाकणं मोजणारं यंत्र
ज्या दुपारी कायमचं थांबलं
त्याच्या काचेत आकडा होता १०००००३.
हिराजी मढवींनी तो रजिस्टरात उतरवला, सही केली,
आणि मनातल्या मनात
किसननगरला घरी आणला.

तीनने जाईना, अंकांची बेरीजच चार.
सातने पाहिलं, अकराने, तेराने.
दर वेळी बाकी चारच,
दारातून न हलणाऱ्या वसुलीवाल्यासारखी.
सतराला बारा उरले.

मग रोज रात्री एक मूळ संख्या,
कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे.
"या महिन्याचं भागणार कसं?"
हौसाबाईंनी विचारलं.
"भागच जात नाही," ते म्हणाले, वर न बघता.

हजाराच्या आत अशा एकशे अडुसष्ट.
साडेपाच महिने गेले. कंपनीचा हिशेब आला नाही.
शेवटची नऊशे सत्त्याण्णव :
पुन्हा बाराच, सतरासारखे.
ह्याच्यापुढे बघायची गरज नसते,
रात्रशाळेतलं एवढं त्यांना आठवत होतं.

खाली लिहिलं,
'एकने जातो. आणि स्वतःने.'
पान उलटून ठेवलं.
सकाळी त्याच्या कोपऱ्यात हौसाबाईंनी
दुधाचे लिटर मांडले.