सहावा फर्मा

भवानी मंडपाजवळ मिळालं एकदाचं.
नवं मुखपृष्ठ : होडीत तीन पोरं,
तिघांचेही दात पांढरेशुभ्र.
आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या प्रतीला
नुसता खाकी पुठ्ठा होता
आणि आतल्या चित्रात, नावाड्याच्या तोंडावरच
जांभळा शिक्का.

साठीला दोन कमी. चष्मा पुसून वाचत होतो.
पान ऐंशी, शेवटची ओळ :
बेटावर, खडकामागं, दिवा हलला.

इथनं आम्ही थेट सत्त्याण्णववर उतरायचो.
तिथं तिघंही घरी, पाटावर, वरणभात.
मधलं उंदरानं खाल्लं, असं वणकुद्रे मास्तर म्हणायचे.
उंदीर इतका नेटका नसतो
हे मला बायंडिंगच्या धंद्यात पडल्यावर कळलं.
सोळा पानं म्हणजे एक फर्मा.
कुणीतरी सहावा फर्मा शिवायचाच विसरला होता.

म्हणून मग दिवा कुणी हलवला
ते दस्तगीरनं सांगितलं,
रंकाळ्यावर, तांबट कमानीपाशी,
ओल्या चड्ड्या दगडावर पसरून.

"पैलवान हुता तिथं. हरलेला.
भर मैदानात चितपट झाला, आन् त्याच रात्री
तालमीत न जाता परस्पर पळाला.
रोज रातीला दिवा लावायचा, कुणीतरी यावं म्हणून.
होडी दिसली की इझवायचा."

मग?

"मग काय. पोरं म्हणाली, आमच्यासंगं खेळ.
एकेक जण उतरला, एकेकानं पाठ टेकली.
ठरवून, लेका. त्याला कळू न देता.
तिसऱ्याची पाठ लागली तवा
पैलवान मातीत बसून रडला,
आन् म्हणाला, चला, वल्हं माझ्याकडं द्या."

त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर
ट्रकच्या ट्यूबवर पोट टाकून
आम्ही संध्यामठापर्यंत गेलो.
शेवाळ, एक फुटका माठ, बगळ्याची घाण.
मी तरी हाक मारलीच : ओ पैलवान!

काल रात्री खरी सोळा पानं वाचली.
दिवा चोरट्या मालवाल्यांचा.
शिट्टी, पोलीस, तिघांना मिळून पन्नास रुपये बक्षीस.
बरं लिहिलंय. शुद्धलेखनाची चूक नाही.
पण कुणाचीच पाठ मातीला लागत नाही.

पुस्तक पालथं घातलं पोटावर
आणि पंख्याकडं बघताना हिशेब लागला.
दस्तगीरनं ही गोष्ट सांगितली मे महिन्यात.
एप्रिलअखेरीला निकाल लागला होता.
वर्गात एकटा मीच सातवीत राहिलो होतो
आणि घराबाहेर पडत नव्हतो.
ट्यूब घेऊन तो दारात आला होता.
पोहायची शर्यत लावू म्हणाला,
आणि सगळा महिना
हरत राहिला.

सकाळी फोन केला. उद्यमनगरातनं लेथचा आवाज.
"पैलवान? कुठला पैलवान?
मोठ्यानं बोल. जॉब लावलाय मशीनला."
पुस्तक? "पुस्तक तू वाचायचास भावा.
मला जोडाक्षरं कुठं येत हुती तवा."

नव्या पुस्तकाला शिवण नाही, नुसता गम.
ब्लेड टेकवली असती तर सोळाही पानं
आवाज न करता सुटली असती.
त्यांना राहू दिलं.
शेजारी कोऱ्या कागदाचा एक फर्मा घडी घालून घेतला,
दोऱ्याला मेण लावलं,
आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात
शिसपेन्सिलीनं आकडा टाकला : ८१.

पुढं अजून काही नाही.
रविवारी तो येतोय.
फोन ठेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाला,
"येताना ट्यूब आणू का रं?"